वीज वाचा

माझ्याइतका खप असलेला मराठी लेखक सोलापुरात दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही. माझं लेखन घराघरात आहे. बहुतेक स्वयंपाकघरात, जागा नसेल तर बाहेरच्या खोलीत, आणि एका घरात तर मी ते देव्हाऱ्याला खेटून बघितलंय. लोकांनी त्याच्यावर हळदीकुंकवाची बोटं उठवलीत, कडेनं स्वस्तिकं काढलीत, वरून प्लास्टिक तसंच ठेवून वर्षानुवर्षं जपलंय. फक्त ते कुणी वाचलेलं नाही.

मी फ्रीजवरची लेबलं करायचो. फ्रीज, गिझर, पंखे, धुलाईयंत्रं, विजेवर चालणारं जे जे घरात येतं त्याच्यावर वीज किती खातं हे सांगणारं लेबल असतं, ते. अहो, नवा फ्रीज घेतलेला माणूस दार उघडतो, ट्रे ओढून बघतो, आत डोकं घालून वास घेतो, शेजाऱ्यांना बोलावून बर्फ दाखवतो. पण दारावर आपल्या नाकासमोर काय चिकटवलंय, ते वाचायला त्याला सवड होत नाही. आयुष्यभरात मला खरा वाचक एकच मिळाला. त्याची गोष्ट सांगायची म्हणून हा लेख.

संपादक म्हणाले, ‘मास्तर, दिवाळी अंक आहे, धंद्यातल्या गमतीजमती लिहा.’ गमती आहेत की. त्या आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला मध्येच सोडून जायचे नाही.

मी मूळचा चादरीचा डिझायनर. आलेखाच्या कागदावर बारीक चौकटी भरायच्या, त्या चौकटींवरून पुठ्ठ्याला भोकं पाडायची, ती भोकं मागावर चढली की चादरीत मोर उमटायचा. मोर, कमळ, चांदणी ही आमची बाराखडी. पुढं माग बसले, चादरीला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि घरात बसून मी बायकोच्या डोळ्यावर यायला लागलो. तेव्हा एमआयडीसीतल्या एका छापखान्याच्या शेठनी बोलावलं. त्यांना स्टिकर छापायचं काम मिळालं होतं आणि चौकट न सोडता काम करणारा माणूस हवा होता. मी म्हटलं, आपण दुसरं केलंय काय जन्मभर?

आता हे लेबल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. वर अर्धगोलात स्टार असतात. जास्त स्टार, कमी वीज. खाली आकडा असतो, तो वर्षाकाठी किती युनिटं जळणार त्याचा. हे लेबल आमच्या हातचं नाही, ते वरून ठरून येतं. रंग कोणता, स्टार केवढा, अक्षर केवढं, सगळं बांधलेलं. त्यात काना इकडचा तिकडं करायची सोय नाही. पण आमच्याकडून काम करून घेणाऱ्या एका कंपनीनं ठरवलं, की त्या लेबलाच्या खाली आपली एक मराठी पट्टी लावायची, खेड्यापाड्यातल्या माणसाला कळेल अशी. ती पट्टी माझी. शब्द माझे, अक्षरं माझ्या हातची, रंग माझा. डिंकसुद्धा मी निवडलेला, उन्हात न सुटणारा. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

पहिल्या पट्टीवर मी ‘तारे’ लिहिलं. जितके जास्त तारे तितकी वीज कमी. स्वतःवर खूश होतो. मंद्रूपला बाजाराच्या दिवशी एका दुकानात मुद्दाम जाऊन उभा राहिलो, लोक काय म्हणतात ते ऐकायला. एक धनगर आजोबा नातसुनेला घेऊन आले. दुकानदारानं पट्टीवर बोट ठेवून सांगितलं, ‘आजोबा, हा घ्या. पाच तारांचा हाय.’ तारे काय आणि तारा काय, त्याला एकच. आजोबा दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, ‘पाच तारा? आमच्या डांबावर तीनच तारा हायत्या. वरच्या दोन कुठनं आणू?’

दुकानदार हसला, मीही हसलो, पण आजोबांचं काय चुकलं सांगा. मोटारीला तीन फेज लागतात हे त्यांना चांगलं ठाऊक. विजेच्या वस्तूवर तारा मोजायच्या त्या डांबावरच्या, म्हणजे विजेच्या खांबावरच्याच. मी पुढं होऊन समजावून सांगितलं, ते सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि शेवटी म्हणाले, ‘ते ऱ्हाऊ द्या. तीन तारांचा दाखीव.’ आणि तीन तारांचाच नेला, घरच्या डांबाला झेपेल असा.

मग मी ‘चांदण्या’ केलं. तर कंपनीचे पुण्याचे साहेब म्हणतात, ‘मास्तर, हे बालवाडीतल्या गाण्यासारखं वाटतंय.’ उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं! मी त्यांना चादरीवरची चांदणी दाखवली, ते म्हणाले छान आहे, आणि ‘स्टार’ करून टाकलं. तेव्हापासून छापखान्यात माझं नाव चांदणी मास्तर पडलं ते आजतागायत.

बार्शीचा एक दुकानदार तर फोनवर रडकुंडीला आला होता. लग्नातला फ्रीज, रुखवतात मांडायचा, आणि टेम्पोत घासून लेबल फाटलेलं. वरपक्ष म्हणायला लागला, हा जुना फ्रीज आहे. दुकानदार मला म्हणाला, ‘मास्तर, लेबलाबिगर फ्रीज म्हंजे मंगळसूत्राबिगर नवरी हो! काहीतरी करा.’ मी नवं लेबल आणि पट्टी पाकिटात घालून स्टँडवर गेलो आणि बार्शी गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिलं. अक्षता पडायच्या आत ते पोचलं. त्या मांडवात एकानंही ते वाचलं नसणार, पण ते नाही म्हणून लग्न अडून बसलं होतं. मी घरी येऊन आमच्या हिला सांगितलं तर ती म्हणाली, ‘चला, कुठंतरी तुमची किंमत झाली.’

झाल्या गमती. आता माझ्या वाचकाकडं येतो.

आमच्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत नरसव्वा राहायची, अजून राहते. तेलुगू विणकराची बायको. नवरा यंत्रमागावर होता, छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. ती विड्या वळून घर चालवते. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोटात दोऱ्याची गुंडी, आणि तोंडानं एकीकडं तेलुगूत देवाचं नाव, एकीकडं मराठीत शेजारणीशी भांडण. एकुलती एक मुलगी, भाग्यश्री. तिला सगळे भाग्या म्हणायचे, नरसव्वा तेलुगूत ‘बिड्डा’, म्हणजे लेकरू, म्हणायची.

भाग्याला लहानपणीच साखर निघाली. म्हाताऱ्यांना होते ती नव्हे, पोरांना होते ती, जिच्यात इन्शुलिन टोचल्याशिवाय माणूस जगतच नाही. पोरगी शाळेत जायच्या आधी स्वतःच्या हातानं पोटाला सुई टोचून घ्यायची आणि दप्तर उचलून निघायची. आम्हाला बघवायचं नाही. इन्शुलिन गार ठेवावं लागतं, घरात फ्रीज नाही, म्हणून नरसव्वानं एका मोठ्या कुंडीत ओली वाळू भरून तिच्यात मडकं बसवलं होतं. मडक्यात बाटली, वर ओलं गोणपाट. दिवसातून कितीदा तरी उठून त्यावर पाणी मारायची. उन्हाळ्यात सोलापूर कसं तापतं ते तुम्हाला मी काय सांगायचं! पण मडकं गार असायचं.

आणि ह्या भाग्याला वाचायचं वेड. सापडेल ते वाचायची. भेळेचा कागद वाचून मग भेळ खायची. आमच्या छापखान्यातली वाया गेलेली स्टिकरची पानं मी घरी आणायचो, वह्यांना कव्हर घालायला पोरं मागायची. बाकीची पोरं कव्हर घालायची, ही आधी वाचायची.

एका सुट्टीच्या दिवशी ती अशीच कागद मागायला आली. माझ्या टेबलावर नव्या पट्टीचं प्रूफ पडलं होतं. नवी पट्टी म्हणजे माझा जीव की प्राण होती. साहेब म्हणाले होते, मजकूर कमी करा, एकच मोठी ओळ टाका. मी चार दिशांनी विचार करून ‘वीज वाचवा’ लिहिलं होतं. हातानं काढलेली ठसठशीत अक्षरं, दुकानाच्या दारातून दिसावीत अशी. खाली बारीक अक्षरात बाकीचं. आमच्या कॉम्प्युटरवाल्यानं ती अक्षरं उचलून जुळवली होती, मी तपासली होती, शेठनी तपासली होती, साहेबांनी पुण्याहून ‘ओके’ कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी मशीनवर चढायचं.

भाग्या प्रूफ हातात घेऊन हसायला लागली.

‘काय गं?’

‘काका, वीज कशी वाचायची? तिला काय अक्षरं असतात?’

मी बघितलं. ‘वीज वाचा’! मधला व पडला होता. इतक्या शहाण्यासुरत्या माणसांच्या डोळ्यांखालून गेलेलं, एकालाही दिसलं नव्हतं. जे असायला हवं तेच डोळ्याला दिसतं माणसाच्या. मी तसाच सायकल काढून शेठच्या घरी गेलो. काम थांबलं, व जागेवर बसला, पट्टी छापून सगळीकडं गेली. शेठनी भाग्याला गोष्टीचं पुस्तक बक्षीस दिलं आणि वर म्हणाले, ‘पोरी, शिक भरपूर. मोठी झालीस की आमच्याकडं ये प्रुफं तपासायला.’ शेठ हे सगळ्याच पोरांना म्हणत असतील, पण हिनं ते मनावर घेतलं. पुढं कुणीही विचारलं, काय होणार गं तू, की ही सांगायची, ‘छापखान्यात चुका धरणार.’

त्या दिवसापासून माझी प्रत्येक पट्टी छापायच्या आधी तिच्या हातात जायची. ऱ्हस्व-दीर्घ तर ती धरायचीच, पण ‘काका, हे कुणाला कळणार नाही’ असंही सांगायची. मला राग यायचा. मग तिचंच बरोबर निघायचं.

ती कॉलेजात गेली त्या वर्षी उन्हाळा लवकर पेटला. डॉक्टर म्हणाले, मडकंबिडकं आता पुरे, फ्रीज घ्या. नरसव्वानं भिशी उचलली आणि मला म्हणाली, ‘मास्तर, तुमी चला संगं. तुमचंच खातं हाय की ते.’ मी गेलो. काय तो माझा थाट! दुकानदाराला बाजूला सारून मीच तिला एकेक लेबल समजावलं. हे स्टार बघायचे, हा आकडा वर्षाचा आहे, महिन्याचा नाही, घाबरायचं नाही. ती सगळ्याला ‘व्हय, व्हय’ म्हणत होती. लहान दाराचा एक लाल फ्रीज घेतला. घरी आणल्यावर तिनं त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि माझ्या पट्टीवर हात फिरवत भाग्याला म्हणाली, ‘हे मास्तरनं लिवलंय बघ. ह्ये काडायचं न्हाई.’ नरसव्वाला थोडंफार वाचता यायचं, मोठी अक्षरं असली तर. ती मान वाकडी करून एकेक अक्षर लावत वाचायला लागली. वी-ज. वा-च-वा. शाब्बास, मी म्हटलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. वाळूची कुंडी आणि मडकं तिनं त्याच दिवशी मोरीत नेऊन ठेवलं, पाणी साठवायला.

सगळं सांगितलं मी त्या दिवशी तिला. एवढंच सांगितलं नाही, की फ्रीज बंद करायचा नसतो. ते सांगावं लागतं हे मला कुठं ठाऊक होतं!

त्यानंतर भाग्याची साखर कधी नीट राहिली नाही. इन्शुलिन वाढवलं तरी खाली येईना. डॉक्टर तिला रागवायचे, चोरून गोड खातेस म्हणून. नरसव्वा तिला बोलायची. आमची हीसुद्धा एकदा म्हणाली, ‘अगं, जिभेवर ताबा ठेव.’ पोरगी रडून सांगायची, मी काही खात नाही. कुणी ऐकलं नाही. ती वाळत चालली, सारखं पाणी प्यायची, पुस्तक डोळ्यांजवळ धरायला लागली. आम्ही म्हटलं, अभ्यासाचा ताण.

दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात, भर दुपारी, नरसव्वानं माझ्या दारावर थापा मारल्या. मी त्या दिवशी घरी होतो. भाग्या सकाळपासून ओकत होती म्हणून कॉलेजला गेली नव्हती. मी जाऊन बघतो तर जोरजोरात श्वास घेतेय, काहीबाही बोलतेय, मला ओळखेना. रिक्षात घातली आणि दवाखान्यात नेली. तिथं त्यांनी तिला आत घेतलं.

बऱ्याच वेळानं एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. नरसव्वाच्या पिशवीतली इन्शुलिनची बाटली त्यांनी उजेडात धरून बघितली आणि विचारलं, ‘मावशी, हे कुठं ठेवता?’

‘फ्रिजात की,’ नरसव्वा ताठ मानेनं म्हणाली.

‘फ्रिजात कुठं?’

‘वरी, बर्फाच्या खालीच ठेवते. संध्याकाळी चालू केलं की बिगीनं गार व्हाया पायजे ना.’

‘संध्याकाळी चालू म्हणजे? दिवसा बंद असतो?’

‘मग! बिड्डा कालेजला गेली की मी बटन बंद करते. दिवसभर कोण उघडतंय त्याला? ती यायच्या आत चालू करते. रोज. येक दिवस चुकली न्हाई.’

डॉक्टरीणबाईंनी बाटली खाली ठेवली. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की बंद फ्रीज म्हणजे पत्र्याखाली तापणारी पेटी. औषध दिवसभर शिजायचं, आणि कधी रात्री बर्फाजवळ गोठायचंही. एकदा गोठलं की त्यात काही राहत नाही. नवी बाटली पहिले काही दिवस लागू पडायची म्हणून जीव तगला, बाकी दोन वर्षं पोरगी जवळजवळ पाणीच टोचून घेत होती.

नरसव्वाला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती माझ्याकडं वळली. रागानं नाही हो, रागावली असती तर बरं झालं असतं. खरोखर विचारत होती ती मला.

‘तुमीच लिवलं की, मास्तर. वीज वाचवा म्हणून. मी वाचवली.’

माझी अक्षरं दुकानाच्या दारातून दिसावीत अशी होती, ती तिला तिच्या खोलीत रोज दिसत होती. तुम्ही-आम्ही ‘वीज वाचवा’ हे भिंतीवरचं वाक्य म्हणून बघतो आणि पुढं जातो. ती बाई माझं लिहिलेलं खरं मानून चालली. हजारो पट्ट्यांत माझं सांगणं तंतोतंत पाळणारी ती एकटी निघाली असं मी काही दिवस स्वतःला समजावलं. मग मी आमच्या गल्लीत विचारायला सुरुवात केली. सहज, गप्पा मारत. कुणी रात्री बंद करतं, कुणी थंडीच्या दिवसांत, कुणी गावाला जाताना, कुणी ‘त्याला जरा विसावा द्यायला’. दूध नासतं, भाजी सुकते, चालून जातं. नरसव्वाच्या फ्रिजात दूध नव्हतं, एवढाच फरक.

भाग्याला शुद्ध आली. डॉक्टरीणबाई दारात येऊन म्हणाल्या, ‘वाचली.’ नरसव्वानं त्यांचे पाय धरले.

मी दुसऱ्याच आठवड्यात पट्टीचं नवं डिझाइन केलं. ‘वीज वाचवा’ लहान, खाली जुन्या ओळीइतक्याच ठळक अक्षरात ‘फ्रीज बंद ठेवू नका. औषधं, दूध खराब होतं.’ आयुष्यात एवढं चांगलं काम मी केलं नव्हतं. साहेब सोलापूरला आले तेव्हा त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

‘मास्तर, अहो, पट्टी वीज वाचवायची आणि तुम्ही तिच्यावर बंद करू नका म्हणता? गिऱ्हाईकाला वाटेल, हा चोवीस तास वीज खातो.’

‘खातोच की, साहेब.’

‘पण ते आपण कशाला सांगायचं? आणि एका बाईनं बटण बंद केलं म्हणून सगळा महाराष्ट्र करतो का?’

मी गल्लीतलं सांगितलं. भाग्याचं सांगितलं. ते खरंच हळहळले, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, माहितीपुस्तिकेत आहे ही सूचना, मागच्या पानावर. मी म्हटलं, साहेब, नरसव्वाला ते पुस्तक वाचता येत नाही, तिला एवढी मोठी दोनच अक्षरं येतात, ती दोन आपण चुकीची दिली. शेठनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. शेठच्या पोटावर पाय आणण्याचा मला काय अधिकार? डिझाइन परत माझ्या कपाटात गेलं. नंतर वर्षभरात मराठी पट्टीच बंद झाली. आता तिथं काळ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, मोबाईल धरला की सगळी माहिती येते म्हणे. त्या मंद्रूपच्या आजोबांनी तो चौकोन बघून काय म्हटलं असतं ते ऐकायला मी त्या दुकानात पुन्हा गेलो नाही. काम सोडलं आणि घरी बसलो.

भाग्याची साखर आता नीट आहे. पण डोळे गेले. इतकी वर्षं साखर चढलेली राहिली की डोळ्याच्या पडद्याला जाते, तिथल्या बारीक शिरा फुटतात. लेझर केलं, सुया दिल्या, पुण्याला नेऊन आणलं. उजेड-अंधार कळतो, समोर कुणी उभं आहे हे कळतं. अक्षर लागत नाही. ‘वाचली बघा पोरगी’ असं लोक अजून म्हणतात. माझी भाषा आहे ती, तिनंच माझी अशी थट्टा करावी काय?

मी संध्याकाळी जाऊन तिला वाचून दाखवतो. पेपर, पुस्तकं, काय हवं ते. मी अडखळलो की ती म्हणते, ‘काका, तिथं चुकलंय वाटतं काहीतरी.’ आणि चुकलेलं असतं. छापखान्यातल्या चुका ती आता नुसत्या कानानं धरते. पण कानानं धरणाऱ्याला कोण नोकरी देणार?

नरसव्वा कोपऱ्यात विड्या वळत बसलेली असते. फ्रीज तोच आहे. बटणावर तिनं विडीचा दोरा आवळून आवळून गुंडाळलाय, तो इतका की कुणाला बंद करायचा म्हटलं तरी कात्री लागेल. रात्री-अपरात्री लाईट गेली की उठून बसते. मोरीतलं मडकं पुन्हा आत आलंय, वाळू ओली असते, लाईट गेलीच तर असावं म्हणून. आणि माझी पट्टी? ती मी कितीदा तरी म्हटलं, काढून टाकतो. नरसव्वा काढू देत नाही. रंग उडालाय, पण डिंक माझा, सुटायचं नाव घेत नाही.

ह्या गणपतीच्या सुमाराची गोष्ट. मी वाचायचं थांबून पाणी पीत होतो. भाग्या उठून चाचपडत फ्रीजकडं गेली, बाटली काढली, दार लावलं आणि तिचा हात पट्टीवर थांबला. बोटानं ती अक्षरं चाचपत राहिली, जणू उठावाची असावीत.

‘काका,’ ती म्हणाली, ‘ते प्रूफ आठवतं? वीज वाचा?’

‘आठवतं की.’

‘त्या दिवशी मी कागद मागायला आले नसते तर पट्टी तशीच छापली असती ना? वीज वाचा.’

नरसव्वाचे हात थांबले. मला तिच्याकडं बघवेना. नरसव्वानं मान वाकडी करून एकेक अक्षर लावून ‘वीज वाचा’ वाचलं असतं. तिला वाटलं असतं, मास्तरनं काहीतरी शहाणपणाचं लिहिलंय, आपल्याला कळत नाही. आणि तिनं बटणाला हात लावला नसता.

‘नाही गं,’ मी म्हटलं. ‘तू नसतीस तर दुसऱ्या कुणीतरी ती चूक धरली असती.’

भाग्या हसली. लहानपणी हसली होती तशीच.

‘कुणी नसती धरली, काका. तुमचं लिहिलेलं माझ्याशिवाय कुणी वाचायचं का?’